व्हाउचर हातात, तिकीट मात्र निघत नाही

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

गेल्या डिसेंबरात इंडिगोची उड्डाणे मोठ्या संख्येने रद्द झाली, त्यात गोव्यातल्या दाबोळी आणि मोपा या दोन्ही विमानतळांवरचे प्रवासीही सापडले. ३, ४ आणि ५ डिसेंबर २०२५ रोजी ज्यांना सर्वांत जास्त त्रास झाला, त्यांना कंपनीने दहा हजार रुपयांची प्रवास-व्हाउचरे देऊ केली, बारा महिन्यांच्या मुदतीची. तेव्हापासून या विषयावर पत्रे वाढली आहेत. त्यांत इतर कंपन्यांची व्हाउचरे आहेत, तिकिटे विकणाऱ्या पोर्टलच्या वॉलेटात अडकलेले पैसे आहेत आणि जुनी क्रेडिट शेलही, म्हणजे रद्द तिकिटांची कंपनीकडेच पुढच्या प्रवासासाठी ठेवलेली रक्कमही आहे. बंद पडलेली गो फर्स्ट सोडली तर वाचकांच्या तक्रारींतली कंपन्यांची नावे आम्ही गाळली आहेत. अडचणी सगळीकडे जवळपास सारख्याच आहेत आणि नियमही सगळ्यांना तेच लागू आहेत.

प्रश्न: मोपाहून हैदराबादचे माझे तिकीट कंपनीने दोन दिवस आधी रद्द केले. मोबाइलवर लिंक आली. तिच्यात ‘क्रेडिट शेल घ्या’ असे मोठे निळे बटण होते, ते मी दाबले. आता कळते की पैसे परत मागता आले असते. ८,४६० रुपये अडकले आहेत. ग्राहक सेवा म्हणते, एकदा स्वीकारले की बदलता येत नाही. हे खरे का?
एक निवृत्त शिक्षिका, फोंडा

उत्तर: सरसकट खरे नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, म्हणजे डीजीसीएची, रिफंडविषयी स्वतंत्र नियमावली आहे: सेक्शन ३, सिरीज एम, भाग २. रिफंडची रक्कम क्रेडिट शेलमध्ये ठेवायची की नाही हे ठरवण्याचा अधिकार प्रवाशाचा आहे, कंपनीने तशी रक्कम ठेवणे हा आपला ठरलेला शिरस्ता करायचा नाही, असे तिच्यात स्वच्छ लिहिले आहे. याच सिरीजचा भाग ४ सांगतो की उड्डाण कंपनीने रद्द केले तर प्रवाशाला मान्य होईल त्याप्रमाणे दुसरे विमान किंवा रिफंड द्यायचा. या दोन कलमांवर तुमची बाजू उभी राहते.

कंपनीचे म्हणणे असेल की बटण दाबले म्हणजे तुम्ही संमती दिली. म्हणून पहिला प्रश्न असा, की त्या पानावर रिफंडचा पर्याय होता का, आणि तो क्रेडिट शेलइतकाच ठळक होता का? आलेली लिंक पुन्हा उघडून पाहा, बहुतेक वेळा ती काही दिवस चालू असते. पान पूर्ण दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, तारीख-वेळ दिसू द्या. रिफंडचा पर्याय खाली बारीक अक्षरात किंवा ‘आणखी पर्याय’ या घडीत लपलेला असेल, तर प्रवाशापुढे खरी निवड ठेवलीच नव्हती असे म्हणता येते. एसएमएस पुसू नका.

दुसरी गोष्ट फार महत्त्वाची. त्या क्रेडिट शेलमधला एक रुपयासुद्धा वापरू नका. निम्मी रक्कम खर्चून उरलेली रोख मागणाऱ्याला कंपनी दाद देत नाही, आणि तक्रार निवारणाच्या पायरीवरही त्याची बाजू लंगडी पडते.

मग कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे तक्रारी पाहणाऱ्या अधिकाऱ्याला, ई-मेल करा. नोडल अधिकारी आणि त्याच्यावरचा अपील अधिकारी, दोघांचे पत्ते कंपनीच्या संकेतस्थळावर असतात. चॅटवर किंवा फोनवर हा विषय संपवू नका, लेखी काही उरत नाही. मजकूर लांबवायची गरज नाही. एवढे पुरे: ‘पीएनआर अमुक, तारीख अमुक, मोपा ते हैदराबाद हे उड्डाण आपण रद्द केले. रक्कम क्रेडिट शेलमध्ये ठेवण्यास माझी संमती नाही. डीजीसीएच्या सेक्शन ३, सिरीज एम, भाग २ नुसार ८,४६० रुपये ज्या कार्डावरून भरले त्याच कार्डावर परत करावेत. क्रेडिट शेल मी वापरलेले नाही, ते रद्द करावे.’ सोबत एसएमएस आणि स्क्रीनशॉट जोडा. क्रेडिट कार्डाने भरलेल्या रकमेसाठी नियमात सात दिवसांची मुदत आहे, तिचाही उल्लेख करा.

एक पुरवणी. उड्डाण रद्द झाल्याचे चोवीस तासांपेक्षा कमी वेळ आधी कळवले, तर रिफंडशिवाय वेगळी भरपाई मागता येते: उड्डाणाचा वेळ एक तासापर्यंत असेल तर ५,००० रुपये, दोन तासांपर्यंत ७,५००, त्यावर १०,०००, किंवा मूळ भाडे अधिक इंधन अधिभार, यांतले जे कमी असेल ते. वादळ, संप, सुरक्षेचे कारण अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या गोष्टींत ही भरपाई मिळत नाही. तुम्हाला दोन दिवस आधी कळवले, म्हणून तुमचा भर रिफंडवरच ठेवा.

प्रश्न: व्हाउचरचा कोड टाकला की ‘अवैध कोड’ असे येते. मुदत अजून सात महिने आहे. सहा वेळा करून पाहिले.
वाचक, म्हापसा

उत्तर: सातव्यांदा करण्याआधी थांबा. चुकीचा कोड काही वेळा टाकला की बऱ्याच प्रणाली तो तात्पुरता बंद करतात, आणि मग बरोबर कोडही चालेनासा होतो. चोवीस तास जाऊ द्या.

आता कोडाकडे पाहा. पीडीएफमधून कॉपी केला की शेवटी एक मोकळी जागा चिकटून येते, ती डोळ्यांना दिसत नाही. कोड आधी मोबाइलच्या नोट्समध्ये चिकटवा, शेवटच्या अक्षरापुढे कर्सर नेऊन पाहा आणि मागे काही असेल तर पुसा. शून्य आणि इंग्रजी ओ, एक आणि कॅपिटल आय, पाच आणि एस, आठ आणि बी या जोड्या तपासा. कोड दोन ओळींत तुटून छापला असेल तर मधे आलेली आडवी रेघ कोडातली आहे की नुसती ओळ तोडण्याची, तेही पाहावे लागते. काही व्हाउचरांना वेगळा पिन असतो. तो त्याच ई-मेलात नसतो, दुसऱ्या ई-मेलने किंवा एसएमएसने येतो आणि स्पॅममध्ये जाऊन पडतो.

कोड बरोबर असूनही चालत नसेल तर बहुधा तो चुकीच्या खिडकीत टाकला जातो आहे. हाती आलेला कागद चारांपैकी कुठल्या जातीचा आहे हे आधी ओळखा. क्रेडिट शेल म्हणजे रद्द तिकिटाचीच रक्कम. तिला वेगळा कोड नसतो, जुना पीएनआर आणि ई-मेल किंवा आडनाव घालून ती पैसे भरण्याच्या पानावर उघडते. व्हाउचरला कोड असतो आणि तोही पैसे भरण्याच्या पानावर, कार्ड-यूपीआयच्या शेजारी ‘व्हाउचर’ किंवा ‘गिफ्ट व्हाउचर’ या खान्यात जातो. प्रोमो कोड मात्र सुरुवातीला, विमान शोधतानाच टाकायचा असतो. म्हापशाच्या वाचकांनी पाठवलेल्या चित्रात व्हाउचरचा कोड पहिल्याच पानावरच्या प्रोमो कोडच्या चौकटीत टाकलेला दिसतो. तिथे तो जन्मात चालणार नाही. चौथी जात पोर्टलच्या वॉलेटची, तिच्याविषयी पुढे लिहिले आहे.

पैसे भरताना मधेच नेट गेले, आणि आता ‘व्हाउचर वापरले गेले आहे’ असे येत असेल तर घाबरू नका. अर्धवट राहिलेल्या बुकिंगवर ती रक्कम रोखून धरलेली असते आणि बहुतेक वेळा काही तासांत सुटते. दुसऱ्या दिवशीही सुटली नाही तर फसलेल्या व्यवहाराची वेळ आणि स्क्रीनशॉट कंपनीला पाठवा. ‘माझ्या नावावर या कोडाने कुठलाही पीएनआर तयार झालेला नाही’ हे वाक्य त्यात असू द्या. ते तपासणे कंपनीला सोपे असते आणि काम लवकर होते.

प्रश्न: माझ्याकडे पाच-पाच हजारांची दोन व्हाउचरे आहेत. मी आणि बायको मोपाहून दिल्लीला जाऊन येणार आहोत. एका बुकिंगला एकच व्हाउचर चालते म्हणतात. आणि उरलेली रक्कम बुडते का?
वाचक, वास्को

उत्तर: एका पीएनआरला एक व्हाउचर ही अट बऱ्याच कंपन्या घालतात. तशी अट असेल तर जाणे आणि येणे ही दोन वेगळी बुकिंगे करा.

हिशेब मांडून दाखवतो. समजा माणशी एका बाजूचे भाडे ४,३०० रुपये आहे. दोघांचे जाऊन-येऊन १७,२०० होतात. सगळे एकाच पीएनआरमध्ये घेतले तर एक व्हाउचर वळते होऊन १२,२०० रुपये खिशातून जातील आणि दुसरे व्हाउचर तसेच राहील. जाण्याचे ८,६०० आणि येण्याचे ८,६०० वेगळे घेतले तर दोन्हीकडे पाच-पाच हजार कापून ३,६०० अधिक ३,६००, म्हणजे ७,२०० भरावे लागतील. सुविधा शुल्क वेगळे लागते, ते व्हाउचरातून सहसा वळते होत नाही.

यात एक धोका आहे, तो पत्करायचा की नाही हे तुम्ही ठरवा. वेगळी बुकिंगे म्हणजे कंपनीच्या लेखी वेगळे प्रवास. जाण्याचे विमान कंपनीने रद्द केले तर त्याचा रिफंड मिळेल, पण येण्याचे तिकीट तसेच उभे राहील आणि ते रद्द केल्यास तुम्हालाच शुल्क पडेल. म्हणून आम्ही असे करतो: तारखा पक्क्या असतील तरच तोडतो. लहान मुले बरोबर असतील तर माणसांप्रमाणे पीएनआर तोडू नका, मुलाचे तिकीट मोठ्या माणसाच्याच पीएनआरमध्ये हवे.

उरलेल्या रकमेचे उत्तर व्हाउचरच्या अटींतल्या एका ओळीत असते. ‘एकदाच वापरता येईल’ असे असेल तर शिल्लक बुडते. ‘शिल्लक पुढे वापरता येईल’ असे असेल तर राहते, पण मुदत मूळचीच. पहिल्या प्रकारात व्हाउचरपेक्षा थोडे जास्त रकमेचे तिकीट घ्या.

आणखी एक ओळ शोधा: व्हाउचर एकूण रकमेवर चालते की फक्त मूळ भाड्यावर. ४,३०० च्या तिकिटात मूळ भाडे ३,१०० आणि बाकी १,२०० कर व विमानतळाचे शुल्क असेल, तर फक्त मूळ भाड्यावर चालणारे पाच हजारांचे व्हाउचर एकट्या माणसाला ३,१०० चीच सूट देईल, १,९०० वाया जातील. तेच दोघांच्या एका पीएनआरवर मूळ भाडे ६,२०० होते आणि पाचही हजार वसूल होतात. अशा व्हाउचरला माणसे एकत्र ठेवणेच फायद्याचे. हा फरक बुकिंग करण्याआधी कागदावर मांडून पाहा. बहुतेकांचे नुकसान इथेच होते आणि ते त्यांच्या लक्षातही येत नाही.

प्रश्न: व्हाउचरवर ‘वैध ३१ ऑगस्टपर्यंत’ असे आहे. चवथीला (गणेश चतुर्थीला) बेंगळुरूहून मुलगा-सून घरी यायची आहेत. आत्ता बुकिंग केले तर सप्टेंबरचा प्रवास चालेल ना?
गृहिणी, डिचोली

उत्तर: यंदा चवथ १४ सप्टेंबरला, सोमवारी आहे, म्हणजे तुमच्या मुदतीनंतर दोन आठवड्यांनी. ‘वैध’ या एकाच शब्दाचे दोन अर्थ होतात. ‘या तारखेपर्यंत बुकिंग’ असेल तर ३१ ऑगस्टला काढलेल्या तिकिटावर सप्टेंबरात प्रवास करता येतो. ‘या तारखेपर्यंत प्रवास’ असेल तर नाही. अटींत हे स्पष्ट नसेल तर सोपी चाचणी करा. कंपनीच्या संकेतस्थळावर १२ सप्टेंबरचे विमान निवडा, प्रवाशाची माहिती भरा, पैशांच्या पानापर्यंत जा आणि कोड टाका. रक्कम वजा झालेली दिसली तर चालते. पैसे न भरता बाहेर पडा. कोड काही वेळ अडकून राहील, लगेच परत टाकू नका.

दुसरी अडचण सणाच्या दिवसांची. चतुर्थी, दिवाळी, नाताळ ते नववर्ष या दिवसांत व्हाउचर चालणार नाही अशी अट काही कंपन्या घालतात. गोव्याच्या मार्गावर नाताळचा आठवडा त्यात हमखास असतो. तारीख चालत नसेल तर दोन-तीन दिवस मागे-पुढे करून पाहा. आणि मुलगा-सून दाबोळीला उतरणार की मोपाला, हे बुकिंग करतानाच नीट निवडा. शोधाच्या चौकटीत नुसते ‘गोवा’ टाकले तर दोन्हींची विमाने मिसळून येतात. दाबोळीचा संकेत जीओआय, मोपाचा जीओएक्स. नंतर विमानतळ बदलणे म्हणजे तिकीट बदलणे, त्यात भाड्याचा फरक आणि शुल्क दोन्ही लागते.

मुदत कुठून मोजायची? व्हाउचर ज्या दिवशी दिले त्या दिवसापासून, तिकीट रद्द झाले त्या दिवसापासून नव्हे. क्रेडिट शेलमध्ये मात्र काही वेळा मूळ बुकिंगच्या तारखेपासून मोजतात, म्हणून तारीख ई-मेलात शोधून ठेवा. मुदतवाढ मागायची असेल तर मुदत संपण्याआधी मागा, संपलेले व्हाउचर जिवंत करायला कंपनी फारशी तयार नसते.

प्रश्न: तिकीट मी एका पोर्टलवरून काढले होते. विमान रद्द झाले. कंपनी म्हणते पैसे पोर्टलला दिले, पोर्टल म्हणते आले नाहीत. नंतर त्यांनी वॉलेटमध्ये काही ‘कॅश’ टाकली, ती विमानाला पूर्ण वापरता येत नाही.
वाचक, मडगाव

उत्तर: सर्वांत जास्त पैसे याच खिंडीत अडकतात. डीजीसीएच्या नियमात एजंट आणि पोर्टल हे कंपनीने नेमलेले प्रतिनिधी मानले आहेत आणि त्यांच्यामार्फत काढलेल्या तिकिटाच्या रिफंडची जबाबदारी विमान कंपनीचीच आहे. ‘पोर्टलकडे विचारा’ हे उत्तर स्वीकारू नका.

कंपनीला लेखी तीनच गोष्टी विचारा: किती रक्कम, कुठल्या तारखेला आणि कुठल्या एजन्सी खात्यात जमा केली, व्यवहार क्रमांकासह. उत्तर आले की तेच पोर्टलला पाठवा. ‘आले नाहीत’ म्हणणाऱ्या पोर्टलला तारीख आणि क्रमांकापुढे फारसे बोलता येत नाही. दोघांना एकाच ई-मेलमध्ये ठेवणे त्याहून चांगले.

वॉलेटमधले पैसे दोन कप्प्यांचे असतात. एक रिफंडचा, तो पूर्ण वापरता येतो आणि मागितल्यास बँकेत परत मिळायला हवा. दुसरा बक्षिसाचा किंवा प्रचाराचा, त्यातून दर बुकिंगला ठरावीक टक्केच वळते होतात आणि त्याची मुदतही तोकडी असते. तुमचा रिफंड दुसऱ्या कप्प्यात टाकला असेल तर ते चूक आहे. वॉलेटचे व्यवहार-पान उघडून नोंदीसमोर काय नाव लिहिले आहे ते पाहा, त्याचा स्क्रीनशॉट घ्या आणि मूळ पेमेंटच्या मार्गाने परत मागा.

गल्लीतल्या ट्रॅव्हल एजंटाकडून तिकीट काढणाऱ्यांना आणखी एक सूचना. एजंट घाईत बुकिंगमध्ये स्वतःचा मोबाइल आणि ई-मेल घालतो. मग उड्डाण रद्द झाल्याचा निरोप, क्रेडिट शेलची निवड, व्हाउचरचा कोड, सगळे त्याच्याकडे जाते आणि प्रवाशाला पत्ताच नसतो. तिकीट हातात आले की त्यावर आपला नंबर आहे का, हे पहिल्यांदा पाहा. नसेल तर त्याच दिवशी बदलून घ्या.

प्रश्न: क्रेडिट शेल माझ्या नावावर आहे, पण आडनावाचे स्पेलिंग जुन्या दाखल्याप्रमाणे आहे. आधारवर वेगळे आहे. नवे तिकीट काढताना ‘नाव जुळत नाही’ असे येते.
वाचक, पेडणे

उत्तर: गोव्यात हे घरोघरी आहे. पोर्तुगीज काळातल्या नोंदींत ‘के’ जवळपास वापरत नसत. म्हणून नाईकांच्या स्पेलिंगात ‘क्यू’ शिरला आणि कामतांचे आडनाव ‘सी’ने सुरू झाले. जन्मदाखल्यावर आणि पासपोर्टवर एक, आधार आणि पॅनवर दुसरे, अशी एकाच माणसाची दोन आडनावे चालत राहतात.

प्रणाली अक्षर न् अक्षर जुळवून पाहते. क्रेडिट शेल उघडताना जुन्या तिकिटावर होते तेच स्पेलिंग टाका. नवे तिकीट मात्र विमानतळाच्या दारात दाखवणार त्या ओळखपत्राप्रमाणे हवे. दोन्ही एकाच वेळी जमत नसेल तर स्वतः तिकीट काढू नका. आधी कंपनीला जुना पीएनआर, आधार आणि जुना दाखला पाठवून क्रेडिट शेलमधले नाव दुरुस्त करून मागा. हस्तांतर मागतो आहे असा समज होऊ देऊ नका, ‘व्यक्ती तीच, स्पेलिंगची दुरुस्ती’ असे विषयाच्या ओळीतच लिहा. जन्मतारीख दोन्ही कागदांवर सारखी असेल तर काम सोपे होते. नाव आणि आडनाव उलटसुलट खान्यांत गेले असेल, किंवा वडिलांचे नाव एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, तरी हाच मार्ग.

प्रश्न: गो फर्स्टचे २०२३ चे क्रेडिट शेल माझ्याकडे आहे. काही मिळेल का?
वाचक, काणकोण

उत्तर: आशा ठेवू नका. कंपनीची विमाने ३ मे २०२३ पासून थांबली, त्याच महिन्यात दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली आणि २० जानेवारी २०२५ रोजी राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने कंपनी अवसायनात काढण्याचा, म्हणजे मालमत्ता विकून देणी भागवून ती बंद करण्याचा, आदेश दिला. अशा वेळी क्रेडिट शेलवाला प्रवासी बिनतारण धनको ठरतो आणि रांगेत बँकांच्या व कामगारांच्या मागे उभा राहतो. वेळेत दावा नोंदवला असेल तर त्याची पोच जपून ठेवा. कार्डाने पैसे भरणाऱ्या ज्यांनी तेव्हाच बँकेकडे चार्जबॅक (कार्डावरचा व्यवहार उलटवून पैसे परत) मागितला, त्यांची स्थिती तुलनेने बरी होती. म्हणूनच कंपनी डळमळीत असल्याच्या बातम्या येत असतील तर तिचे व्हाउचर कधीही घेऊ नका, आणि घेतलेले असेल तर पहिल्या मिळेल त्या तारखेला वापरून टाका.

कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली तर गोष्ट वेगळी. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ रोजी एअर इंडियात विलीन झाली. विलीनीकरणात जुन्या कंपनीची देणी नव्या कंपनीकडे जातात, पण व्हाउचरची मुदत आपोआप वाढत नाही.

प्रश्न: मुलगा लिस्बनला असतो. लिस्बनहून आखाती शहरामार्गे गोव्याला येण्याचे त्याचे विमान रद्द झाले. कंपनीने युरोमध्ये व्हाउचर दिले. ते इथल्या संकेतस्थळावर चालत नाही.
वाचक, साखळी

उत्तर: चालणारही नाही. व्हाउचर ज्या चलनात आणि ज्या देशाच्या संकेतस्थळावर दिले तिथेच ते बहुधा चालते. संकेतस्थळाच्या वरच्या कोपऱ्यात देश ‘पोर्तुगाल’ निवडून बुकिंग लिस्बनपासून सुरू होणारे करावे लागेल. मुदतीची मध्यरात्रही कंपनीच्या देशातली असू शकते, म्हणून शेवटच्या दिवसाची वाट पाहू नये.

पण त्याने ते व्हाउचर घ्यायलाच हवे असे नाही. युरोपीय संघाचा २६१/२००४ हा नियम संघातल्या विमानतळावरून सुटणाऱ्या प्रत्येक विमानाला लागू आहे, कंपनी आखातातली असली तरी. उड्डाण रद्द झाले तर प्रवाशाला सात दिवसांत पैसे परत मागता येतात, आणि पैशांऐवजी व्हाउचर द्यायचे तर त्याची सहीनिशी संमती लागते. नुसते ई-मेलने पाठवलेले व्हाउचर म्हणजे संमती नव्हे. मुलाने न वापरता ते परत करावे, नियमाचा क्रमांक लिहून रिफंड मागावा आणि दाद मिळाली नाही तर पोर्तुगालच्या नागरी विमान प्राधिकरणाकडे, ‘अनाक’कडे, तक्रार करावी. गोव्याहून लिस्बनला जाताना तोच संरक्षण-नियम आखाती कंपनीवर चालत नाही, हे मात्र ध्यानात ठेवा.

प्रश्न: गुगलवर ग्राहक सेवेचा नंबर शोधून फोन केला. व्हाउचरची रक्कम खात्यात टाकतो म्हणून एक ॲप घ्यायला सांगितले.
वाचक, कुडचडे

उत्तर: ॲप घेतले असेल तर मोबाइलचे नेट ताबडतोब बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खाते आणि कार्ड रोखा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. पैसे गेले असतील तर पहिल्या काही तासांना फार किंमत असते. विमान कंपनी रिफंड देण्यासाठी ओटीपी, यूपीआय पिन किंवा स्क्रीन दाखवणारे ॲप कधीही मागत नाही. नंबर फक्त तिकिटावरून किंवा कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्यावा. समाजमाध्यमांवर कंपनीला उद्देशून तक्रार लिहिताना पीएनआर उघड टाकू नका. पीएनआर आणि आडनाव मिळाले की दुसरा माणूस तुमचे बुकिंग उघडू शकतो, आणि तक्रारीखाली सर्वांत आधी येणारे ‘मदत करू का’ हे उत्तर पुष्कळदा भामट्याचेच असते.

प्रश्न: कंपनी उत्तरच देत नाही. गोव्यात दाद कुठे मागायची? वकील लागतो का?
अनेक वाचक

उत्तर: नोडल अधिकाऱ्याकडून उत्तर नाही आले तर अपील अधिकाऱ्याला लिहा. त्याच वेळी नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार घाला. तिथे पीएनआर, रक्कम आणि आधीच्या ई-मेलांच्या प्रती जोडता येतात आणि कंपनीला उत्तर नोंदवावे लागते. ‘सोडवली’ असा शेरा मारून तक्रार बंद केली आणि पैसे आलेले नसतील तर अभिप्रायात तसे लिहून ती पुन्हा उघडा, गप्प बसू नका. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद करता येते, ती मध्यस्थीची पायरी आहे.

तरीही हलले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. उत्तर गोव्याचा पर्वरीत, दक्षिण गोव्याचा मडगावात. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी करता तिथेच तक्रार करता येते, कंपनीचे कार्यालय दिल्लीत असले तरी. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगाचे शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही दाखल करता येते. मुदत मात्र दोन वर्षांची आहे, तक्रारीचे कारण घडले त्या दिवसापासून. व्हाउचरच्या मुदतवाढीची वाट पाहता पाहता ती निघून जाते.

कागद या क्रमाने लावा: मूळ तिकीट, पैसे भरल्याचा बँकेचा उतारा, उड्डाण रद्द झाल्याचा निरोप, व्हाउचर किंवा क्रेडिट शेल दिल्याचा ई-मेल, त्या दिवशीच्या अटींचे पान, कोड न चाललेल्या प्रयत्नांचे स्क्रीनशॉट तारीखवार, आणि शेवटी तुमचा व कंपनीचा पत्रव्यवहार. अटींचे पान व्हाउचर मिळाले त्याच दिवशी पीडीएफ करून ठेवावे, कारण कंपनी ते नंतर बदलते आणि आयोगापुढे कुठल्या अटी होत्या यावरच वाद होतो. मागणीत रक्कम, तिच्यावरचे व्याज, मनस्तापाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च या चार गोष्टी वेगवेगळ्या आकड्यांनी लिहा. पोर्टलवरून तिकीट काढले असेल तर विमान कंपनी आणि पोर्टल, दोघांनाही प्रतिवादी करा.